खाँसाहेबांचा दिवस

मराठीत संगीतावर लिहिलेल्या पुस्तकांची संख्या काही थोडी नाही. गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग' १९३९ सालचे. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ चे. प्रा. बी. आर. देवधर यांचे 'थोर संगीतकार' आणि बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिलेले अब्दुल करीम खाँ यांचे भले जाडजूड चरित्र ही त्यानंतरची. या पुस्तकांतून मुसलमान माणसांची जितकी नावे मराठी वाचकाच्या कानावर गेली, तितकी आपल्या कथा-कादंबऱ्यांतून गेली नसतील. आणि ती आदराने गेली, कानाच्या पाळीला हात लावून गेली. हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलायचे आहे.

ही पुस्तके वाचून झाल्यावर काही साधे प्रश्न उरतात. हा माणूस सकाळी उठल्यावर काय करीत होता? त्याच्या घरात चूल कोण पेटवीत होते? मैफलीचे पैसे केव्हा मिळत, आणि नाही मिळाले तर काय? गाणे नसेल त्या दिवशी त्याचे मन कशात रमत होते? राग, घराणे, तान, बंदिशींची चोरी आणि गुरुसेवा यांविषयी पानेच्या पाने आहेत. दिवसाविषयी मात्र फार थोडे आहे. जे आहे तेही आडवळणाने आलेले. लेखकाला ते सांगायचे नव्हते, सांगता सांगता निसटले, असे.

याचे कारण उघड आहे. मराठीतल्या संगीतविषयक गद्याची खरी भाषा किश्शाची आहे. किस्सा बैठकीत जन्मतो, पानाच्या तबकाभोवती वाढतो आणि तिथून पुस्तकात येतो. त्यात एक राजा असतो, एक लहरी उस्ताद असतो, एक आव्हान असते आणि शेवटी 'वाहवा' असते. मला किस्सा वर्ज्य नाही. देवधरांनी सिंदे खाँविषयी लिहिले आहे ते वाचावे. मुंबईच्या रस्त्यावर फाटक्या अवतारात हिंडणारा हा विद्यावंत त्यांनी फार मायेने उभा केला आहे. त्याची विद्या त्यांनी ओळखली आणि त्याला जवळ केले. परंतु असा माणूस रस्त्यावर का येतो, हा प्रश्न किश्शाच्या चौकटीत बसत नाही. तिथे तो 'अवलिया' ठरतो. अवलिया म्हटले की पोटापाण्याचा विचार करण्याची गरज उरत नाही, लेखकालाही आणि वाचकालाही.

दुसरे उदाहरण अल्लादिया खाँसाहेबांचे. आमलेट्याच्या दरबारी असताना सतत गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला आणि दीर्घ काळ गाणे दुरावले, ही हकीकत मराठी रसिकाला ठाऊक असते. ती सांगितली जाते ती गायकीच्या उगमाची कथा म्हणून. आवाज गेला, मग नव्या आवाजाला साजेशी पेचदार गायकी त्यांनी घडवली, आणि जयपूर घराणे उभे राहिले. हे बरोबरच आहे. पण हीच हकीकत दुसऱ्या बाजूने वाचली तर ती एका नोकरदाराला कामावर झालेल्या इजेची हकीकत आहे. धन्याला रोज गाणे हवे होते. नोकर गात राहिला आणि त्याचे अवजार मोडले. गिरणीत बोटे गेलेल्या कामगाराची गोष्ट आपण अशी सांगत नाही, की बोटे गेली म्हणून तो थोर झाला. खाँसाहेबांनी म्हातारपणी आपले चरित्र नातवाला, अजीजुद्दीन खाँ यांना, उर्दूत सांगितले. त्याचे इंग्रजी रूप २००० साली कोलकात्याहून प्रसिद्ध झाले. त्यात प्रवास आहेत, नोकऱ्या आहेत, नातेवाइकांची गावे आहेत. गवई स्वतः बोलू लागला की दिवस आपोआप येतो, हे त्यावरून कळते.

या लेखात मला मुख्यतः अब्दुल करीम खाँसाहेबांविषयी बोलायचे आहे. त्यांचा दिवस मराठीत सर्वांत जास्त लिहिला गेला आहे आणि सर्वांत कमी वाचला गेला आहे, म्हणून.

आधी त्यांच्या मरणाची कथा घेऊ, कारण तीच सर्वांत जास्त वेळा सांगितली जाते. ऑक्टोबर १९३७. मद्रासचा दौरा आटोपून खाँसाहेब श्रीअरविंदांसमोर गाण्यासाठी पाँडेचेरीला निघाले होते. वाटेत आगगाडीत छातीत दुखू लागले. सिंगापेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर ते उतरले, फलाटावर बिछाना अंथरला, तंबोरा जुळवला, नमाज अदा केली, दरबारीच्या सुरांत कलमा म्हटला आणि प्राण सोडला. २७ तारीख होती. ही कथा सांगताना सांगणाऱ्याचा आवाज खाली येतो आणि ऐकणारा डोळे मिटतो. संताचे निर्वाण होते तशी ही कथा आपण करून टाकली आहे.

परंतु त्यातला तपशील नुसता नजरेखालून घाला. पासष्टी पूर्ण व्हायला पंधरा दिवस उरलेला माणूस घरापासून शेकडो मैलांवर, रेल्वेने, एका गावाचे गाणे संपवून दुसऱ्या गावाच्या गाण्याला चालला आहे. बरोबर वळकटी आहे, तंबोरा आहे. तो कामावर आहे. मरण आले ते त्याच्या रोजच्या दिवसात आले, आणि त्या घटकेला त्याने जे केले ते सगळे त्याचे रोजचेच होते. बिछाना अंथरणे, तंबोरा लावणे, नमाज पढणे, गाणे. यात चमत्कार शोधण्याची गरज मला तरी वाटत नाही.

कपिलेश्वरीबुवांचे चरित्र १९७२ साली निघाले. ते शिष्याने लिहिलेले आहे, आणि ते वाचताना ही गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही. गुरूची बाजू हीच त्यांची बाजू. शिवाय बुवा श्रुतिशास्त्राचे कट्टर अभ्यासक, 'श्रुतिदर्शन' हा त्यांचा आधीचा ग्रंथ. त्यामुळे गुरूच्या गळ्यातून शास्त्र सिद्ध करण्याची त्यांना घाई असते. पुस्तकाचा आकार अवाढव्य, संपादकाचा हात न लागलेला. समीक्षकांनी त्याला 'भाबडे' म्हणून बाजूला ठेवले यात नवल नाही. पण हे भाबडेपणच या पुस्तकाची कमाई आहे. काय महत्त्वाचे आणि काय बिनमहत्त्वाचे याची निवड करण्याचे कसब नसल्यामुळे बुवांनी पुष्कळसे सगळेच लिहून ठेवले. कसलेल्या लेखकाने हीच माणसे, हीच गावे, हीच भांडणे 'विषयांतर' म्हणून कापली असती.

या चरित्राचा खरा उपयोग मराठीबाहेरच्या अभ्यासात झाला. जानकी बखले यांच्या 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या इंग्रजी ग्रंथातले दोन पुरुष म्हणजे भातखंडे आणि पलुसकर. तरी त्यात अब्दुल करीम खाँवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते मुख्यतः कपिलेश्वरींच्या सामग्रीवर उभे आहे. उस्ताद हे आधुनिक शिक्षणाचे शत्रू होते, विद्या दडपून ठेवणारे होते, ही समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी पद्धतशीर पसरवली गेली. तिला छेद देणारा एक उस्ताद बखलेबाईंना मराठीच्या या अडगळीत सापडला. आम्हां मराठी वाचकांच्या घरात ते पुस्तक तीस वर्षे पडून होते, ही गोष्ट बोचते.

कोण होता हा उस्ताद? जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, कैरान्याचा. हे गाव आज उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात आहे. घराणे सारंगियांचे. बडोद्याच्या दरबारात नोकरी केली. मिरजेला घर केले. १९१० च्या सुमारास बेळगावात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे ते पुण्यात आणले, मुंबईतही चालवले. शिष्यांना घरात ठेवून घेतले आणि शाळेचा खर्च भागवण्यासाठी तिकीट लावून जलसे केले. शतकाच्या पहिल्या दशकात ध्वनिमुद्रणे दिली आणि नंतर थेट १९३४ नंतर, ओडियनसाठी. म्हणजे दरबार, शाळा, तिकिटाचा जलसा आणि तबकडी अशी चार प्रकारची कमाई या माणसाने एकाच आयुष्यात केली. भारतीय संगीताचा धंदा ज्या चार पायऱ्यांवरून उतरला त्या चारही त्याने स्वतःच्या पायाने उतरल्या. 'धंदा' हा शब्द काहींना खटकेल. खाँसाहेबांना खटकला नसता असे मला वाटते.

आता त्यांच्या छंदांकडे वळू. चरित्रकारांना आणि आठवणीकारांना ते नेहमी गंमत म्हणून सांगावेसे वाटतात.

पहिला छंद वाद्ये दुरुस्त करण्याचा. खाँसाहेब तंबोरा स्वतः दुरुस्त करीत, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे प्रवासात जवळ बाळगीत. ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला आहे त्यांना यातले काम माहीत असेल. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग वापराने घासला जातो आणि तारेचा नाद मुका होतो. मग तो पृष्ठभाग कानसेने, सुरीने अगदी हलक्या हाताने पुन्हा घासून नेमका उतार आणायचा. हीच जवारी काढणे. एक फटका जास्त बसला तर घोडी वाया. त्यानंतर तारेखाली सुताचा धागा, ज्याला 'जीव' म्हणतात, तो सरकवीत सरकवीत अशा जागी आणायचा की तार बोलू लागेल. खुंटीने ढोबळ सूर आणि मण्याने बारीक. तासन् तास जाऊ शकतात. गाण्यातला सूर आणि हाताचे हे काम खाँसाहेबांच्या दृष्टीने वेगळे नव्हते. सारंगीवाल्याच्या घरात जन्मलेल्या पोराला सूर आधी बोटांना कळतो आणि मग गळ्याला. ते बीनही वाजवीत. त्यांच्या आवाजातला तो बारीक, ताणलेला, तारेसारखा नाद कुठून आला यावर विद्वानांनी बरेच लिहिले आहे. हत्यारांच्या पिशवीत मात्र फारसे कोणी डोकावले नाही.

आणि हे सगळे मिरजेत चालले होते. ज्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फरीदसाहेब सितारमेकर यांच्या घराण्याने तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा उभी केली ते हे गाव. हे लोक मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारी गेल्या तेव्हा तेच हात पंढरपूरकडच्या भोपळ्यांकडे आणि लाकडाकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांनी ही माहिती चौकटीत छापली. मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने आपल्याला शिकलगार, मोमीन, अत्तार, तांबोळी ही नावे अभिमानाने घ्यायला शिकवले. त्या दृष्टीने पाहिले तर खाँसाहेब आणि मिरजेचा कारागीर हे एकाच पेठेतले वाटतात. एकाच्या नावापुढे 'संगीतरत्न' लागले आणि दुसऱ्याच्या नावाचा शिक्का तंबोऱ्याच्या दांडीवर उमटला. कामाचा जातकुळीशी असलेला हा संबंध संगीतसमीक्षेने टाळला आहे. 'घराणे' हा शब्द तिने रक्ताच्या आणि शैलीच्या अर्थाने वापरला. हाताच्या कसबाचा अर्थ त्यात आलाच नाही.

दुसरा छंद कुत्र्याचा. टिपू मियाँ नावाच्या कुत्र्याला त्यांनी स्वर लावायला शिकवले आणि मुंबईत चक्क लोकांसमोर पेश केले. यावर हसू येणे स्वाभाविक आहे आणि ते आवरण्याचेही कारण नाही. त्या काळात काही मंडळींना तो संगीताचा अपमान वाटला असेल, तर काहींना उस्तादाची लहर. मला त्यात शिक्षक दिसतो. बेळगाव, धारवाड, कुंदगोळकडून आलेली, ओबडधोबड गळ्यांची पोरे सुरात आणणे हे ज्याचे रोजचे काम, त्याने एका जनावरावरही तोच प्रयोग करून पाहावा यात विसंगत असे काय आहे? कान तयार असला तर सूर कोणालाही देता येतो, हे त्याला दाखवायचे असावे. शिवाय तिकिटे खपवायची होती हेही विसरू नये. शाळा चालवायची म्हणजे किराणा भरावा लागतो. या वाक्यात घराण्याच्या नावावर कोटी झाली, ती राहू द्या.

तिसरी आवड दुसऱ्यांच्या गाण्याची. उत्तरेकडून आलेल्या गवयांना कर्नाटक संगीत त्या काळी 'मद्रासी' म्हणून कानाआड करता येत होते. खाँसाहेबांनी ते कान देऊन ऐकले. म्हैसूरच्या दरबारात त्यांचे जाणे-येणे होते. सरगम करण्याची त्यांची तऱ्हा तिकडून आली. त्यागराजांची खरहरप्रियेतली कृती त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवली. मराठी नाट्यपदेही त्यांनी तबकडीवर गायली. तेलुगू कृती, मराठी नाट्यपद, ब्रज ठुमरी आणि ख्याल हे सगळे एकाच गळ्यातून, एकाच कंपनीच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर. त्यांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका दुकानात ऐकून एक मुलगा घर सोडून पळाला आणि पुढे भीमसेन जोशी झाला, हा किस्सा सर्वश्रुत आहे. त्यात गदगच्या दुकानदाराचाही वाटा आहे. तबकडी लावून रस्त्यावरच्या पोरांना फुकट ऐकू देणाऱ्या त्या माणसाची नोंद कोणी तरी करायला हवी होती.

शास्त्राची आवडही होती, पण तिची परतफेड नीट झाली नाही. सांगलीकडचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बावीस श्रुतींवरचे पुस्तक १९१० चे. ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाचे त्यानंतर तीन वर्षांनी आले. या मोजणीसाठी खाँसाहेब गायले. सुरांचे अचूक अंतर त्यांच्या गळ्यातून घेतले गेले. इतिहासात देवल-क्लेमंट्स हे 'संशोधक' आणि खाँसाहेब हे 'नमुना' अशी विभागणी झाली. घोडीवर कानस फिरवून जो रोज श्रुती शोधीत होता, तो संशोधक नव्हे. आकडे लिहिणारा संशोधक. कपिलेश्वरीबुवांनी हयातभर श्रुतींचा पाठपुरावा केला त्यामागे हे शल्य असावे, असा माझा तर्क आहे.

इथपर्यंत आलो की एक शब्द आडवा येतो. तो शब्द 'असूनही'. मुसलमान असूनही त्यांनी शाळेला 'आर्य' नाव दिले. मुसलमान असूनही त्यागराज गायले. मुसलमान असूनही कृष्णाच्या ठुमऱ्यांत असे रंगून जात. अब्दुल करीम खाँवरचा कोणताही स्मरणलेख काढा, हा शब्द किंवा त्याचा भाऊबंद तिथे बसलेला दिसेल. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. त्याला सर्वधर्मसमभावाचा दाखला द्यायचा असतो, आणि अलीकडच्या दिवसांत असा दाखला देणाऱ्याचे आभारच मानले पाहिजेत. तरीही या शब्दाने काय होते ते पाहा. 'असूनही' म्हणताच मुसलमान असणे हा अडथळा ठरतो आणि गाणे म्हणजे तो ओलांडून मारलेली उडी. खाँसाहेबांच्या रोजच्या दिवसात अशी उडी नव्हती. ख्याल-ठुमरीच्या बंदिशी त्यांना वाडवडिलांकडून आल्या. त्यांत कृष्ण होता, पीर होते, सासू-नणंद होती आणि सदारंगाचे नाव होते. सकाळी नमाज पढायची आणि मग शिष्यांना भैरव द्यायचा. हे त्यांचे औदार्य नव्हते, हे त्यांचे घर होते. औदार्य दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूबद्दल दाखवावे लागते.

'आर्य' या नावाकडेही मग वेगळ्या नजरेने पाहता येते. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. संगीत हे प्राचीन, पवित्र आणि राष्ट्राचे धन आहे, ते 'अडाणी' गवयांच्या हातून सोडवले पाहिजे, ही हवा होती. अशा हवेत एका गवयाने स्वतःची शाळा काढताना तिच्या पाटीवर हे नाव लिहिले. त्याला समन्वय म्हणा, बाजार ओळखण्याचे व्यवहारज्ञान म्हणा, की 'हे धन आमचेही आहे' असा दावा म्हणा. तिन्ही एकाच वेळी खरे असू शकते. स्मरणलेख फक्त पहिले म्हणतात.

भाषेबद्दलही असेच. मराठी पुस्तकांतले खाँसाहेब लोक एक ठरावीक हिंदुस्थानी बोलतात. 'अरे भाई', 'क्या समझे', 'हमारे खानदान में'. टेंब्यांपासून पुढे ही लकब पक्की होत गेली आणि विनोदी लेखकांनी ती आणखी घोटली. बोलीची गंमत मलाही आवडते. पण मिरज, बेळगाव, पुण्यात तीन तपांहून अधिक काळ राहिलेला, मराठी घरातल्या मुलीशी संसार केलेला, मराठी-कानडी पोरांना पोटाशी धरून शिकवणारा माणूस दिवसभर एकाच नाटकी हिंदुस्थानीत बोलत असेल हे पटत नाही. बाजारात, टांगेवाल्याशी, पोरांवर ओरडताना तो काय बोलत असेल? 'तुमचं मराठी किती छान आहे हो' हे प्रशस्तिपत्र मुसलमान मराठी माणसाला आजही मिळते. त्याच्या मुळाशी या पुस्तकांनी घडवलेला कानही आहे. आम्ही दुसरे काही बोलताना त्याने कधी ऐकलेलेच नाही.

राहिले घर. ताराबाई माने बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. खाँसाहेब त्यांचे शिक्षक. दोघांनी बडोदा सोडले, संसार मांडला, पाच मुले झाली. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. एवढी हकीकत सगळे सांगतात आणि मग लगबगीने मुलांच्या कर्तृत्वाकडे वळतात, कारण ते कर्तृत्व मोठे आहे. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. महाराष्ट्राच्या गाण्याचे अर्धे अंगण या एका घरातले. परंतु घर मोडले ते कशावरून, यावर चरित्रकार शिष्याची साक्ष एकतर्फी असणार हे उघड आहे. ज्या घरात पाच मुले आणि वर शाळेचे शिष्य, त्या घरात पीठ कोण मळीत होते, हा प्रश्न गुरुकुलाचे गोडवे गाणाऱ्या एकाही लेखकाला पडलेला मला दिसला नाही. 'शिष्यांना फुकट जेवू घातले' हे वाक्य गुरूच्या खात्यावर जमा होते. ताराबाईंचा दिवस खाँसाहेबांच्या दिवसाहूनही कमी लिहिला गेला आहे.

इथे आपल्याकडेही बोट वळवावे लागेल. १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून मुस्लिम मराठी साहित्याने मोहल्ला, दंगल, तलाक, दारिद्र्य, शिक्षण हे विषय हिरिरीने मांडले आणि ते मांडणे आवश्यकच होते. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुसलमानांचे घर त्यात फारसे आले नाही. गाणे वर्ज्य मानणाऱ्यांचा दबाव हे एक कारण असेल. 'ते उस्ताद लोक, आपल्यातले नव्हेत' ही भावना दुसरे. शाहिरांच्या बाबतीत आपण जरा बरे आहोत. अमर शेख यांचे गिरणीतले काम, बार्शीचे दिवस, आईच्या ओव्या हे सारे लोकांना माहीत आहे, कारण कामगार चळवळीला दिवसाची किंमत कळत होती. मलिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनाच्या आरंभी शाहिराचे घर मुलीच्या नजरेतून दिसते. त्या घराला आवाज आहे, माणसांची वर्दळ आहे. बीनकार, सारंगिये, तबलजी, सनईवाले, बँडवाले यांच्या घरांतून असे लिहिणारी मुलगी अजून पुढे आलेली नाही. खाँसाहेबांसारख्यांची निदान चरित्रे आहेत. तबकडीवर गायकाचे नाव ठळक छापले जाई. मागे तबला कोणाचा, सारंगी कोणाची, हे बहुधा छापलेच जात नसे. एकाच तबकडीत तितकीच मिनिटे काम केलेली ती माणसे होती.

मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांची कबर आहे. उरसात दरवर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. गावोगावचे कलाकार येऊन हजेरी लावतात. भाषणे होतात तेव्हा 'असूनही' तिथेही ऐकू येत असेल. मला मात्र त्या जागी त्यांच्या मुलांची नावे आठवतात. सुरेशबाबूंचे एक नाव अब्दुल रहमान होते. सरस्वतीबाईंचे सकीना. एकाच मुलीला कोणी सकीना म्हणून हाक मारी आणि कोणी सरस्वती म्हणून, आणि ती दोन्ही हाकांना ओ देत असेल. त्या घरात सकाळी कोणती भाषा बोलली जाई, ईदेला काय शिजे, दिवाळीला काय होई, बाप तंबोऱ्याची जवारी काढीत बसला की मुलांना गप्प बसावे लागे का, टिपू मियाँच्या तालमीच्या वेळी ती हसत का? सरस्वतीबाई २००६ पर्यंत हयात होत्या.